माहेरी आणलेली पेटी

एका गावातल्या बारा घरांच्या मधमाश्यांना मी रोग लावला. चुकून लावला म्हणावं, तर दीड महिना, दर आठवड्याला, नेमानं सायकलवर जाऊन लावला. आणि पगार घेऊन लावला. माझं कामच मुळी मधमाश्यांची तब्येत पाहण्याचं होतं.

आमचं घराणं आदिलाबादेत केव्हाचं रुजलेलं. आजोबा निजामाच्या अमलात कारकून, वडील तहसिलात. घरात तपासणीला मुआयना म्हणत आणि सहीला दस्तखत. मला मधमाश्यांच्या योजनेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "मुआयन्याचं काम आहे का?" आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. कशाचा मुआयना, हे मात्र त्यांनी शेजाऱ्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तीन आठवड्यांचं शिक्षण झालं. पेटीचं झाकण कसं काढायचं, चौकटीत बांधलेलं पोळं उन्हाकडे कसं धरायचं, राणी कशी ओळखायची, धुराड्यानं धूर किती द्यायचा, सगळं शिकलो. रोगांचा धडा दुपारच्या जेवणानंतर होता आणि त्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती. याहून जास्त सांगत नाही.

ते गाव भीमपूरकडचं, पैनगंगेच्या अलीकडे. मी राहायला आदिलाबादेलगतच्या मावल्यात. बसच्या टपावर सायकल टाकायची, फाट्यावर उतरायचं, आणि दोन्ही बाजूंच्या कापसाच्या पऱ्हाटीतून गावात शिरायचं. तोंडावर जाळी, हातात मोजे, काखेत रजिस्टर आणि खिशात चौकटी सुट्या करायची लोखंडी पट्टी. गावात पाऊल टाकलं की बायका म्हणायच्या, "आला नवरदेव." जाळीला मुंडावळ्या समजून हसायच्या. मला वाटायचं, दरारा आहे.

खरा दरारा होता तो काकूंचा. ह्या काकू माझ्या कोणी नव्हेत. गाव काकू म्हणायचं म्हणून मीही. साठीच्या आत-बाहेर वय, घरी कापूस आणि ज्वारी, आणि परसात मधमाश्यांची पेटी. गावातल्या बाकीच्या अकरा पेट्यांतल्या माश्या त्यांच्याच पेटीतून गेलेल्या. पूर्वी हे मोहोळ त्यांच्या घराच्या भिंतीतल्या देवळीत होतं, आतून फळी आणि बाहेरून बोटभर भोक. योजनेच्या पेट्या आल्या तेव्हा मीच ते देवळीतून काढून पेटीत बसवलं. त्या दिवशी काकू दिवसभर जेवल्या नव्हत्या म्हणे. मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

मोहोळ वाढलं की फुटतं, अर्ध्या माश्या नवं घर शोधायला बाहेर पडतात. तो घोळका काकू पकडायच्या आणि गावातल्या एखाद्या घराला द्यायच्या. देताना पेटीला हळदकुंकू लावायच्या, झाकणावर तांदळाची ओटी ठेवायच्या. लेक दिली म्हणायच्या. आणि लेक दिली म्हणजे दिली. ज्या घरी पेटी गेली त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, ती पेटी स्वतः फुटेपर्यंत. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, तसंच. शाळेच्या मास्तरांच्या घरी एक पेटी दिली होती. मास्तर तेलुगू, बदलीवर आलेले. काकू फाटकातच उभ्या राहून चहाला नाही म्हणाल्या तेव्हा मास्तरीणबाईंना राग आला. कारण कळल्यावर त्यांनी कप आत नेला आणि पेटीलाच नमस्कार केला.

काकूंची माश्यांची तब्येत पाहायची रीत वेगळी होती. रोज संध्याकाळी त्या पेटीच्या दारापुढची हातभर जागा शेणानं सारवायच्या. रात्री माश्या घरातली घाण लांब उडवून नेत नाहीत, दारापुढेच टाकतात. सकाळी त्या सारवलेल्या चौकावर काय पडलंय ते वाकून पाहायचं, आणि काही वेगळं दिसलं की काडीनं उचलून पळसाच्या पानावर ठेवायचं. नंतर पेटीच्या लाकडाला कान लावून दोनदा टिचकी मारायची. आतून 'हूं' असा एकच आवाज येऊन शांत झालं तर ठीक. आवाज रेंगाळला, रडल्यासारखा लांबला, तर राणीचं काही बिनसलंय.

"हाक मारली का ओ देते," त्या म्हणायच्या. "तुमी हाक न मारताच दार उघडता."

मी रजिस्टरात लिहायचो. राणी आहे. पिल्लं आहेत. मध बरा. रोग नाही. ह्या शेवटच्या रकान्यात मी महिनाअखेरीला वरून खाली एकच रेघ ओढायचो, वेळ वाचायचा.

त्या वर्षी बैलपोळ्याच्या आधी कार्यालयात एक पत्रक आलं. तीन पानी, इंग्रजी, सायक्लोस्टाइल केलेलं, त्यात अळीचं एक चित्र. सगळ्यांनी वाचून सही करायची होती. मी फाइलीतल्या प्रतीवर 'पाहिले' लिहिलं, दस्तखत केली आणि माझं पत्रक पिशवीत टाकलं. पाहिलं होतंच, चित्र पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात धुराड्यातलं गोणपाट ओलं निघालं. पेटवायला काहीतरी लागतंच. तिन्ही पानं चांगली वाळलेली होती.

ज्वारी फुलोऱ्यावर आली तेव्हा मास्तरांची पेटी ढेपाळली. एरवी ज्वारीच्या दिवसांत माश्या पायांना फिक्या पिवळ्या पुड्या बांधून रांगेनं परततात. इथं दारात चारदोन माश्या नुसत्या बसलेल्या. मास्तर म्हणाले, "एमैंदी सार? बिमार है क्या?" मी झाकण काढलं. पिल्लांच्या पोळ्यावर ठिगळं पडली होती. पोळ्यातल्या काही घरांत अळ्या पाठीवर पडून तोंड वर केलेल्या, नावेच्या टोकासारखं. एक अळी काडीनं उचलली तर ती पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबत आली. हे मी अगदी नीट पाहिलं, आणि नीट पाहून म्हणालो, "अशक्तपणा आहे."

अशक्तपणावर मला एक उपाय ठाऊक होता: अशक्त पेटीतली पिल्लांची चौकट दणकट पेटीत ठेवायची, म्हणजे तिथं पिल्लांना भरवणाऱ्या दाया-माश्या भरपूर, पिल्लं नीट वाढतात, आणि दणकट पेटीतली चौकट अशक्त पेटीला द्यायची. गावातली सगळ्यात दणकट पेटी काकूंची.

मी मास्तरांच्या पेटीतल्या दोन चौकटी ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि काकूंच्या अंगणात गेलो. त्या ज्वारी निवडत होत्या, शेजारच्या दोघीतिघी सोबत. फडकं उघडून काकूंनी चौकट पाहिली, काडीनं एक अळी उचलली, सूप बाजूला ठेवलं.

"हे पोरगी बिमार हाय, साहेब."

"अशक्त आहे."

"मले बिमार दिसते. माह्या घरी काऊन आनता? तिच्या घरीच राहू द्या. हे आई धड हाय तं सारं धड. ह्या अकरा पोरी गेल्या तरी आई हाय तं पुन्हा अकरा होतीन."

यावर ज्याला काही येतं तो माणूस गप्प बसला असता. मला काही येत नव्हतं, पण बोलता येत होतं.

"काकू," मी म्हणालो, "मास्तरांकडची लेक अजून फुटली नाही. म्हणजे पहिलटकरीण. अशक्त पहिलटकरीण बाळंतपणाला कुठं आणतात?"

बायका हसल्या. एकीनं सुपावर हात मारला. "सांगा व काकू! माहेरी नाही आनत तं का सरकारी दवाखान्यात नेता?"

दुसरी म्हणाली, "नवरदेवाले सगया रीती पाठ हायेत, माय."

काकू हसल्या नाहीत. त्यांच्याच रीतीनं मी त्यांना धरलं होतं आणि त्यांना त्यातून निघता येईना. दारात आलेल्या लेकीला परत जा कसं म्हणणार? काकू उठल्या, हात धुतले, वाटीत गुळाचं पाणी आणून पेटीजवळ ठेवलं.

"ठेवा मंग," त्या म्हणाल्या. "पन मले बरं नाही वाटून राह्यलं."

मी ठेवल्या. त्यांच्या पेटीतल्या दोन भरलेल्या चौकटी काढून मास्तरांना दिल्या. सायकलवर बसताना मनात म्हटलं, काय सुचलं आपल्याला! बसमध्येही तेच आठवून हसलो. शेजारच्या माणसानं सरकून बसायला जागा दिली.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा काकूंनी पळसाचं पान पुढे केलं. पानावर सातआठ अळ्या, फिक्या, पाणी भरलेल्या.

"साफसफाई करतात," मी म्हणालो.

त्यापुढच्या आठवड्यात दोन पानं होती. "माश्या स्वच्छ असतात, काकू," मी म्हणालो. पेटी अजून जड होती, माश्याही भरपूर, म्हणून मी तिच्यातल्या चौकटी आणखी दोन घरांना वाटल्या. त्या दोन घरांतल्या चौकटी पुढच्या दोघांना. तीच पट्टी, तेच मोजे. कोणाच्याही पेटीत हात घालून झाल्यावर मी हात धुतले नाहीत. धुतले ते फक्त जेवायच्या आधी, माझ्या तब्येतीची काळजी म्हणून. रजिस्टरात वरून खाली रेघ ओढली: रोग नाही.

मग कार्यालयात साहेबांनी बोलावलं. वरून विचारणा आली होती, पत्रकातल्या रोगाची लक्षणं तुमच्या भागात दिसतात का. साहेब हैदराबादी, पान तोंडात धरून बोलायचे.

"कौनसा पत्रक?" मी विचारलं.

त्यांनी फाइल फिरवून माझ्यापुढे केली आणि बोट ठेवलं. "ये दस्तखत आपकाच है ना?"

माझीच होती. वर 'पाहिले' असंही लिहिलं होतं, अक्षर चांगलं आलं होतं. त्यांनी फाइलीतली प्रत काढून दिली आणि मी ती तिथेच उभ्यानं वाचली. अळी तोंड वर करून मरते. उचलल्यावर पिशवीसारखी लोंबते. औषध नाही. एका पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत कदापि ठेवू नये. अवजारं आणि हात धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडू नये. चित्रातली अळी मास्तरांच्या पेटीतली वाटावी इतकी तीच होती.

"पढ़े नै थे क्या?" साहेबांनी विचारलं.

"पाहिलं होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गावाकडे निघालो. फाटा ते गाव चार मैल. पहिले दोन मैल खरं सांगायचं ठरवलं, पुढच्या दोन मैलांत दुतर्फा पऱ्हाटी लागली, फवाऱ्याचा वास नाकात गेला आणि सगळं सोपं झालं. कापसावर फवारणी होते. फवारणीनं माश्या मरतात. हे खोटं नाही, कोणत्याही पुस्तकात सापडेल. अंगणात शिरेपर्यंत माझा मलाच विश्वास बसला होता.

पेटीपुढचा चौक पांढरट दिसत होता, सडा तांदळाचा घातल्यासारखा.

"काकू, हे फवारणीनं झालं असेल," मी म्हणालो.

काकूंनी पान घेतलं, चौकावरचं काडीनं गोळा केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"मोजा यातली उडनारी किती हाय ते."

एकही नव्हती. सगळ्या अळ्या.

"फवाऱ्यानं पऱ्हाटीवर गेलेली मरते. हे पाळन्यातलं लेकरू फवाऱ्यावर गेलतं का?"

इतक्या वर्षांच्या मुआयन्यात मला जे सुचलं नाही ते त्यांनी एका वाक्यात दाखवलं. पान मी चौकावर परत ठेवलं. मग जमिनीकडे पाहत म्हणालो, "हा रोग आहे, काकू. पिल्लांचा. चौकट एकीकडून दुसरीकडे नेली की पसरतो. खात्याचा कागद आलाय तसा."

"कवा आला?"

"पोळ्याच्या आधी."

"अन तुमी कवा वाचला?"

"काल."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ओरडण्याचीच तयारी करून गेलो होतो. त्यांनी घरातून राख आणि पाण्याची घागर आणली, म्हणाल्या, "मोजे काढा." मी काढले. त्यांनी ते काठीच्या टोकानं उचलून चुलीत टाकले. माझी पट्टी निखाऱ्यात खुपसली. मग माझ्या हातांवर राख टाकून मला कोपरापर्यंत घासायला लावलं, आणि पाणी ओतत राहिल्या. आता त्याचा काही उपयोग नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं. मी घासत होतो, हातांची कातडी लाल झाली तरी त्या थांबा म्हणेनात, आणि मलाही थांबावंसं वाटेना.

"मी तुमाले सांगतलं होतं, बिमार हाय," एवढंच एकदा म्हणाल्या.

"हो."

"तुमी मले बाळंतपन सांगत होते."

आजही चारचौघांत मी माझ्या फजितीच्या गोष्टी सांगतो. धुराड्यात पत्रक जाळल्याची सांगतो, लोक खो खो हसतात. हे वाक्य मात्र कधी सांगत नाही. आज लिहिलं ते इथं कोणी हसताना दिसणार नाही म्हणून.

एकेक करून पेट्या गेल्या. ह्या जातीच्या माश्या घरात मरण फार झालं की घर सोडतात. काकूंचं मोहोळ भर दुपारी उठलं. मी तिथं होतो. त्या दिवसांत रोज जायचो, करण्यासारखं काही नसताना. आधी पेटीतून मोठा घुमारा आला, मग दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर आल्या. काकूंनी थाळी वाजवली, मुठीनं माती उडवली, तांब्यानं पाणी फेकलं. असं केलं की उठलेलं मोहोळ जवळपास कुठेतरी बसतं म्हणतात. मीही माती उडवली. माझी सगळी माती माझ्याच डोक्यावर पडली. माश्या लिंबावर चढल्या, क्षणभर तिथं काळं झुंबर झालं, आणि नदीकडे निघून गेल्या.

काकूंनी थाळी खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला आणि लेकीला निरोप देताना म्हणतात तसं हळूच म्हणाल्या, "सुखी राहाजो व माय."

होळीपर्यंत गावात एकही पेटी भरलेली उरली नाही. मास्तरांनी रिकाम्या पेटीत वह्या ठेवल्या. काकूंची पेटी जागेवरच राहिली, आणि त्या संध्याकाळी तिच्यापुढचा चौक सारवायच्या. पुढच्या दोन खेपांना मी ते पाहिलं. तिसऱ्या खेपेला गेलोच नाही. सायकल फाट्यावरून परत वळवली आणि साहेबांना बदलीचा अर्ज दिला. अर्जात कारण लिहिलं: प्रकृती. कोणाची, ते लिहिलं नाही.

बदली निर्मलला झाली, टेबलाचं काम. टेबलावर निर्मलचं लाकडी सीताफळ ठेवलं होतं, कागद उडू नयेत म्हणून. इतकं हुबेहूब की नवा माणूस हमखास उचलून वास घ्यायचा. मला त्या फळाबद्दल आपुलकी वाटायची. आलेला प्रत्येक कागद मात्र मी वाचायचो, मग सही करायचो. सहकारी मला 'पंतुलू', म्हणजे पंडितजी, म्हणत, आणि मी ते स्तुती समजून घ्यायचो.

पाच वर्षांनी मास्तरांचं कार्ड आलं, तोडक्या हिंदीत. काकूंच्या भिंतीत गेल्या वर्षी माश्या आल्या, कोणी आणल्या नाहीत, आपल्या आपण.

जावं की नको यात एक महिना गेला. शेवटी रविवारी गेलो. जाळी नाही, रजिस्टर नाही, पट्टी नाही. अंगणाच्या कडेला थांबलो. काकू वाकल्या होत्या, केस पुरते पांढरे. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर आत गेल्या आणि घागर घेऊन आल्या. न सांगता मी हात पुढे केले. राख, पाणी, कोपरापर्यंत.

भिंतीतल्या देवळीच्या बोटभर भोकातून माश्या ये-जा करत होत्या, पायांना फिक्या पिवळ्या पुड्या. खाली हातभर चौक सारवलेला, स्वच्छ, त्यावर काही नाही. हे तेच मोहोळ नदीवरून परत आलं की दुसरंच कुठलं, हे सांगायचं कोणतंच साधन नव्हतं, आणि काकूंना ते मी विचारलं नाही. मला पाहून आलेले मास्तर म्हणाले, या वर्षी दोनदा फुटलं, दोन घरी दिल्या.

"छान दिसतंय, काकू," मी लांबूनच म्हणालो. "अगदी निरोगी." पाच वर्षं मनात घोळवलेलं आणखी पुष्कळ बोलायचं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

काकूंनी भिंतीला दोनदा टिचकी मारली, कान लावला. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या,

"तुमी पाच वर्सं आले नाही ना साहेब, म्हनून जगल्या."